किल्ली कुठून आणायची? – लिनक्समधील ‘नो पबकी’ इशारा आणि एक धडा



ज्या शाळांच्या संगणक कक्षात उबुंटू, डेबियन किंवा त्यांच्या घराण्यातलं एखादं लिनक्स आहे, तिथे कधी ना कधी एक इशारा हमखास दिसतो. अपडेटची आज्ञा दिली की ओळी भराभर वर सरकतात आणि शेवटी इंग्रजीत एक वाक्य येतं. त्याचा मराठीत अर्थ असा : “पुढील सही तपासता आली नाही, कारण सार्वजनिक किल्ली उपलब्ध नाही.” त्यापुढे ‘नो पबकी’ असा शब्द आणि अंक-अक्षरांची एक लांबलचक माळ.

बहुतेक जण काय करतात? काही जण दुर्लक्ष करतात, कारण संगणक तर चालूच असतो. काही जण इंटरनेटवर सापडलेली पहिली ओळ चिकटवतात, इशारा जातो आणि विषय संपतो. मी गेली बरीच वर्षं शाळेचा संगणक कक्ष सांभाळते. या एका इशाऱ्यात विद्यार्थ्यांना आयुष्यभर पुरेल असा धडा आहे, असं मला वाटतं. म्हणून आजचा लेख त्यावर. (आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्ष टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत लिहावी लागतात.)

इशारा नेमकं काय सांगतो?

लिनक्समध्ये नवा प्रोग्राम बसवायचा तर आपण वाटेल त्या संकेतस्थळावरून फाइल उतरवत नाही. पॅकेज मॅनेजर नावाचा एक कारभारी असतो. डेबियन आणि उबुंटूमध्ये त्याचं नाव ‘ॲप्ट’. प्रोग्राम ज्या साठ्यात ठेवलेले असतात त्याला रिपॉझिटरी म्हणतात. आपण त्याला ‘साठा’च म्हणू. ॲप्ट साठ्यातून मालाची यादी आणतो, कुठल्या पॅकेजची नवी आवृत्ती आली ते पाहतो आणि सांगितलं की बसवतो.

आता प्रश्न असा, की ही यादी खरोखर त्या साठ्याच्या मालकानेच पाठवली कशावरून? वाटेत कुणी बदलली नसेल ना? म्हणून मालक यादीवर डिजिटल सही करतो. ती सही तपासायला ॲप्टला मालकाची सार्वजनिक किल्ली लागते. ती किल्ली संगणकात नसेल, तर ॲप्ट म्हणतो, “सही आहे, पण ती कुणाची ते मला ओळखता येत नाही.” ‘नो पबकी’चा अर्थ एवढाच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा इशारा आल्यावर संगणक बंद पडत नाही. ॲप्ट त्या साठ्याची नवी यादी बाजूला ठेवतो आणि आधीची जुनी यादीच वापरत राहतो. म्हणून लोकांना वाटतं, चालतंय की! पण त्या साठ्यातून येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या दिवसापासून गुपचूप थांबलेल्या असतात. दाराची कडी तुटली तरी दार लोटलेलं दिसतं ना, तसंच हे.

शिक्का, मोर्तब आणि डिजिटल सही

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो. मराठेशाहीतल्या कागदांवर सुरुवातीला शिक्का असे आणि मजकूर जिथे संपतो तिथे मोर्तब. शिक्क्याने कागद कुणाचा ते कळे. मोर्तबाने मजकूर इथे संपला हे ठरे, म्हणजे त्याच्या खाली नंतर कुणी चार ओळी घुसडू शकत नसे. कोणी लिहिलं आणि नंतर कुणी बदललं तर नाही ना, या दोन्ही शंकांची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली होती.

डिजिटल सही हेच दोन्ही काम करते, फक्त जास्त काटेकोरपणे. तिच्यासाठी किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्ली मालकाकडे कुलूपबंद राहते, तिने तो सही करतो. सार्वजनिक किल्ली तो सगळ्यांना वाटतो, तिने आपण सही तपासतो. सार्वजनिक किल्लीने सही करता येत नाही, म्हणून ती कुणाच्याही हातात गेली तरी बिघडत नाही. शिक्क्याचा ठसा तसाच्या तसा दुसऱ्या कागदावर उठवता येतो; डिजिटल सही मात्र त्या एकाच मजकुराला बांधलेली असते. मजकुरातला एक काना बदलला तरी ती जुळत नाही.

किल्ल्यांच्या जोडीची ही कल्पना १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी जगापुढे मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी ती प्रत्यक्षात आणणारी ‘आरएसए’ पद्धत शोधली. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये ‘पीजीपी’ हा प्रोग्राम काढून ती सामान्य माणसाच्या संगणकावर आणली. त्याच वाटेवरचा मुक्त प्रोग्राम म्हणजे वर्नर कॉख यांचा ‘जीएनयूपीजी’. डेबियनने ॲप्टमध्ये सही तपासण्याची सोय आपल्या ४.० या आवृत्तीत, म्हणजे २००७ पासून, सगळ्यांसाठी सुरू केली.

एका सहीवर हजारो पॅकेजेस

वर्गात नेहमी एक शंका येते. “मॅडम, साठ्यात हजारो पॅकेजेस असतात. मग मालक प्रत्येकावर सही करत बसतो का?”

नाही. तिथे एक छान युक्ती आहे. प्रत्येक फाइलचा ‘शा-२५६’ नावाचा ठसा काढता येतो. फाइल दोन शब्दांची असो की दोन जीबीची, ठसा नेहमी ६४ अंक-अक्षरांचाच येतो. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी सगळा ठसा बदलतो. साठ्यात पॅकेजेसची मोठी यादी असते आणि तिच्यात प्रत्येक पॅकेजपुढे त्याचा ठसा लिहिलेला असतो. मग या यादीचाच ठसा काढून तो ‘इनरिलीज’ नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये लिहितात. मालकाची सही फक्त या छोट्या फाइलवर असते.

म्हणजे साखळी अशी : सही खरी, म्हणून इनरिलीज खरी; ती खरी, म्हणून यादी खरी; यादी खरी, म्हणून पॅकेज खरं. बोर्डाच्या परीक्षेच्या गठ्ठ्यांसारखंच आहे हे. प्रत्येक उत्तरपत्रिकेवर केंद्रसंचालकांची सही नसते, पण गठ्ठ्यावर मोहोर असते आणि आत किती व कोणत्या, याचा तक्ता असतो.

या युक्तीमुळेच साठ्याच्या नकला जगभर ठेवता येतात. त्यांना ‘मिरर’ म्हणतात; आपल्या देशात आयआयटी कानपूरसारख्या संस्थेने असे मिरर चालवले आहेत. नक्कल कुणाच्याही संगणकावर असो, सही मूळ मालकाची असते. त्यामुळे नक्कल ठेवणाऱ्यावर आंधळा विश्वास टाकावा लागत नाही.

पण याची दुसरी बाजूही पाहा. सगळी साखळी एकाच खिळ्याला टांगलेली आहे, तो खिळा म्हणजे किल्ली. किल्ली चुकीची आली तर पुढचं सगळं ‘खरं’च दिसणार.

आमच्या कक्षातला जून महिना

आमच्या कक्षात १२ संगणक आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते बंद असतात. शाळा सुरू झाल्यावर पहिलं काम अपडेटचं. त्या वर्षी जवळपास सगळ्या यंत्रांवर ‘नो पबकी’ आलं. तक्रार उबुंटूच्या मूळ साठ्याबद्दल नव्हती. आम्ही गणितासाठी एक प्रोग्राम वापरतो, त्याच्या निर्मात्यांचा वेगळा साठा आम्ही जोडलेला आहे, त्याच्याबद्दल होती.

त्या दिवशी आमच्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी आला होता. तो आता तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करतो. हुशार आणि कामसू मुलगा. त्याने पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, एवढं काय त्यात! साठ्याच्या ओळीत ‘ट्रस्टेड इक्वल्स येस’ लिहून टाकतो. पाच मिनिटांत सगळी यंत्रं गप्प.”

त्याचं खरं होतं. तसं लिहिलं की ॲप्ट त्या साठ्याची सही तपासणंच सोडून देतो. यंत्रं गप्प झाली असती. पण मी म्हटलं, “अरे, कुत्रा भुंकतोय म्हणून त्याचं तोंड बांधायचं, की दारात कोण आलंय ते बघायचं?” तो हसला आणि म्हणाला, “मग किल्लीच आणतो. नंबर तर इशाऱ्यातच दिलाय. तो कॉपी करायचा, की-सर्व्हरवरून किल्ली ओढायची, झालं.”

नववीचा तास सुरू होता. मुलं हे सगळं ऐकत होती. त्यातल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, पण इशाऱ्यातला तो नंबर लिहिला कुणी?”

मी खडू खाली ठेवला. त्या तासाला ठरलेला धडा झाला नाही. या प्रश्नावरच तास झाला.

सोपा उपाय आणि त्यातली गोम

तो नंबर लिहिला कुणी? तो आला त्या सहीतूनच. सही करणारा आपल्या किल्लीची खूण सहीत ठेवतो आणि ॲप्ट तीच आपल्याला दाखवतो. आता समजा, वाटेत एखाद्या भामट्याने खरी यादी काढून स्वतःची यादी ठेवली आणि स्वतःच्या किल्लीने सही केली. मग इशाऱ्यात नंबर कुणाचा दिसेल? भामट्याचा! आपण तोच नंबर कॉपी करून की-सर्व्हरवरून किल्ली आणली, तर भामट्याचीच किल्ली येईल. की-सर्व्हर हे किल्ल्यांचं सार्वजनिक कपाट आहे. तिथे कुणीही आपली किल्ली ठेवू शकतो. मग सही जुळणार, इशारा जाणार आणि आपण खूश.

दारात अनोळखी माणूस उभा आहे. आपण त्याला विचारलं, “तुमची ओळख कोण देईल?” तो म्हणाला, “या नंबरवर फोन करा.” आपण फोन केला, पलीकडून त्याचाच भाऊ म्हणाला, “हो हो, चांगला माणूस आहे.” ही काय चौकशी झाली?

बहुतेक वेळा तो नंबर खऱ्या मालकाचाच असतो, हेही खरं. निर्माते मधूनमधून किल्ली बदलतात, जुनीची मुदत संपते आणि आपल्याकडे नवी पोचलेली नसते. पण ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवर शाळेचे १२ संगणक सोपवायचे का? शिवाय पॅकेज बसताना ते संगणकाच्या सर्वाधिकारानिशी आज्ञा चालवू शकतं. साधा गणिताचा प्रोग्राम म्हणून आलेला पाहुणा सगळं घर धुंडाळू शकतो.

दुसरी गोम ‘ॲप्ट-की’ या जुन्या आज्ञेची. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत तीच दिसते. तिने आणलेली किल्ली एका सामायिक जुडग्यात जाते आणि ॲप्ट ती सगळ्याच साठ्यांसाठी चालवून घेतो. गणिताच्या प्रयोगशाळेत काम करायला आलेल्या सुताराला आपण अख्ख्या शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा देतो का? म्हणूनच ही आज्ञा जुनी ठरवली गेली आणि ॲप्टच्या नव्या आवृत्त्यांतून काढूनही टाकली आहे. आता प्रत्येक साठ्याची किल्ली वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची आणि साठ्याच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहून सांगायचं, “या साठ्यासाठी हीच किल्ली.”

मग योग्य रीत कोणती?

त्या दिवशी आम्ही केलं ते क्रमाने सांगते. तुमच्याकडे असा इशारा आला तर हाच क्रम धरा.

१) आधी इशारा पूर्ण वाचा. ‘नो पबकी’ म्हणजे किल्ली नाही. ‘एक्सपी-की-सिग’ म्हणजे किल्ली आहे, पण तिची मुदत संपली आहे. ‘बॅड-सिग’ म्हणजे किल्ली आहे, पण सही जुळत नाही. तिसरा प्रकार आला तर थांबाच. फाइल अर्धवट उतरली असेल किंवा कुणी बदलली असेल. तिथे नवी किल्ली शोधणं हा उपायच नव्हे.

२) संगणकाची तारीख पाहा. आमच्या एका यंत्राने ‘नो पबकी’ दिलंच नव्हतं; ते म्हणत होतं की साठ्याची फाइल अजून वैध झालेली नाही. म्हणजे फाइल भविष्यातून आली की काय! कारण साधं होतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता आणि यंत्र कित्येक वर्षं मागच्या तारखेला उठत होतं. सीआर२०३२ हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलला, तारीख लावली, तक्रार मिटली. सुट्टीनंतरच्या जुन्या संगणकांत हे नेहमी होतं, म्हणून हे आधी तपासा.

३) कोणत्या साठ्याबद्दल तक्रार आहे ते पाहा. इशाऱ्यातच साठ्याचा पत्ता असतो. तो साठा आता लागतच नसेल तर किल्ली शोधत बसू नका, साठ्याची ओळच काढून टाका. नको असलेलं दार बुजवणं हा सगळ्यात सुरक्षित उपाय.

४) तक्रार मूळ साठ्याबद्दल असेल, तर किल्ल्यांचं पॅकेज जुनं झालेलं असतं. उबुंटूमध्ये त्याचं नाव ‘उबुंटू-कीरिंग’, डेबियनमध्ये ‘डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग’. नेहमी अपडेट होणाऱ्या यंत्रावर ते आपोआप नवं होत राहतं : जुन्या किल्लीच्या सहीनेच नवी किल्ली येते, जसं जुने मुख्याध्यापक नव्यांना स्वतः पदभार देतात. यंत्र फार काळ बंद राहिलं तर हा दुवा तुटतो. मग ते पॅकेज त्या प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणाहून हाताने आणावं लागतं. आवृत्तीच फार जुनी असेल, तर किल्लीच्या मागे न लागता नवी आवृत्ती बसवणं बरं.

५) साठा बाहेरच्या निर्मात्यांचा असेल, तर त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा. पत्ता स्वतः टाइप करा. तिथे किल्लीची फाइल आणि तिचा फिंगरप्रिंट शोधा. फिंगरप्रिंट म्हणजे ४० अंक-अक्षरांची खूण : ० ते ९ अंक आणि ए ते एफ अक्षरं. इशाऱ्यात दिसतात ती बहुधा त्यातली शेवटची १६. पूर्वी शेवटची ८ अक्षरं पाहून किल्ली ओळखण्याची पद्धत होती. पण तशीच शेवटची ८ अक्षरं असलेली दुसरी किल्ली मुद्दाम तयार करता येते, हे लोकांनी करून दाखवलं आहे. म्हणून सगळी ४० जुळवायची.

६) फिंगरप्रिंट दोन वाटांनी जुळवा. आम्ही वर्गाचे दोन गट केले. एका गटाने कक्षातल्या संगणकावर किल्ली उतरवली, पण अजून बसवली नाही. ‘जीपीजी शो-कीज’ या आज्ञेने तिचा फिंगरप्रिंट फक्त वाचला. दुसऱ्या गटाने माझ्या फोनवर, वेगळ्या इंटरनेटवरून, फिंगरप्रिंट शोधला. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने खूण करायची, चार-चार अक्षरांचे दहा गट.

पहिल्याच गटाला अडलं. जुळेना!

वर्गात एकदम शांतता. ज्या मुलांना दहा मिनिटांपूर्वी हे सगळं कंटाळवाणं वाटत होतं, ती बाकावरून पुढे झुकली. शोधलं तेव्हा कळलं, फोनवाल्या गटाने फिंगरप्रिंट कुणा तिसऱ्याच माणसाच्या मदत-लेखातून घेतला होता. तो लेख जुना, त्यातली किल्लीही जुनी. मग निर्मात्यांचं स्वतःचं पान उघडलं. तिथे किल्ली बदलल्याची तारखेसह सूचना होती आणि नवा फिंगरप्रिंट होता. पुन्हा वाचन झालं. दहाच्या दहा गट जुळले.

७) मग किल्ली जागेवर ठेवा. बाहेरच्या साठ्यांच्या किल्ल्यांसाठी ‘इटीसी’मधल्या ‘ॲप्ट’ फोल्डरात ‘कीरिंग्ज’ नावाची जागा असते. किल्लीची फाइल साध्या मजकुरासारखी दिसत असेल तर नावाच्या शेवटी ‘डॉट एएससी’ आणि बायनरी असेल तर ‘डॉट जीपीजी’ हवं. फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी परवानगी द्या. ॲप्ट हे काम एका वेगळ्या, कमी अधिकाराच्या खात्यातून करतो; त्याला फाइल उघडता आली नाही तर किल्ली समोर असूनही तो ‘नो पबकी’च म्हणतो. अनेकांचे तास या एका गोष्टीत जातात. शेवटी साठ्याच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहून फाइलचा पत्ता द्या आणि पुन्हा अपडेट करा.

इशारा गेला. पाच मिनिटांचं काम एका तासाचं झालं, हे खरं. पण आमचा माजी विद्यार्थी जाताना म्हणाला, “मॅडम, ही दोन वाटांची गोष्ट मी गिऱ्हाइकांकडेही करीन.”

मोठमोठ्यांच्याही किल्ल्या बदलतात

किल्ली बदलणं म्हणजे निर्माता बेजबाबदार, असं समजू नका. २००८ च्या ऑगस्टमध्ये रेड हॅट आणि फेडोरा यांच्या काही सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली. फेडोराची सही करण्याची किल्ली वापरली गेल्याचा पुरावा नव्हता, तरीही त्यांनी खबरदारी म्हणून नव्या किल्ल्या आणल्या.

अगदी अलीकडचं उदाहरण ‘काली लिनक्स’चं. संगणक-सुरक्षा शिकणारे लोक हे लिनक्स वापरतात. एप्रिल २०२५ मध्ये कालीच्या चालकांनी जाहीर केलं की साठ्यावर सही करण्याची त्यांची किल्लीच आता त्यांना वापरता येत नाही, म्हणून नवी किल्ली काढावी लागली. जुनी किल्ली चोरीला गेलेली नव्हती. पण तिने सही करता येत नसल्यामुळे ‘जुन्याने नव्याला पदभार द्यायचा’ हा नेहमीचा मार्ग बंद झाला. त्यामुळे जगभरच्या वापरकर्त्यांना किल्ली नसल्याचा इशारा दिसणार, हे त्यांनी आधीच सांगितलं. आणि उपाय काय सुचवला? “तपासणी बंद करा” असं ते म्हणाले नाहीत. नव्या किल्ल्यांची फाइल कुठून घ्यायची आणि ती खरी आहे का, हे कशाशी ताडून पाहायचं, ते त्यांनी प्रसिद्ध केलं. लपवाछपवी न करता सांगितलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि “निर्मात्यांच्या संकेतस्थळावरून घेतलं, बस झालं” असंही नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला ‘लिनक्स मिंट’च्या संकेतस्थळात घुसून कुणीतरी डाउनलोडचा दुवाच बदलला आणि लोकांना छेडछाड केलेली फाइल मिळू लागली. दोन वाटांनी ताडून पाहण्याचा आग्रह म्हणूनच.

सातबारा आणि आधारवरचं प्रश्नचिन्ह

“आमच्याकडे लिनक्स नाही, मग आम्हांला काय उपयोग?” असं कुणी म्हणेल. आहे, उपयोग आहे.

तुमच्या घरी डिजिटल सही असलेला सातबारा असेल, किंवा तुम्ही ई-आधारची पीडीएफ उतरवली असेल. संगणकावर ॲडोबी रीडरमध्ये ती उघडा. सहीच्या जागी बऱ्याचदा एक पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि इंग्रजीत लिहिलेलं असतं, ‘वैधता अज्ञात’. लोक घाबरतात, कागद खोटा आहे की काय! कागद खोटा आहे असं ते प्रश्नचिन्ह म्हणत नाही आणि खरा आहे असंही म्हणत नाही. “सही आहे, पण ही सही करणाऱ्याला मी अजून ओळखत नाही,” एवढंच म्हणतं. म्हणजे आपल्या ‘नो पबकी’चंच भावंडं ते. सहीचा तपशील उघडून, ती कुणाची आणि तिच्या वरचं प्रमाणपत्र कुणाचं हे पाहून विश्वास नोंदवला, की हिरवी खूण येते. आपल्याकडे या प्रमाणपत्रांच्या साखळीचं मूळ माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार नेमलेल्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांकडे आहे.

आता याच्या उलट प्रकार पाहा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. फोन विचारतो, “अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप बसवायचं का?” आपण ‘हो’ दाबतो, कारण पत्रिका ओळखीच्या नंबरवरून आलेली असते. त्या बिचाऱ्याचा फोन आधीच कुणाच्या तरी ताब्यात गेलेला असतो. आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी हे घडलं आणि कापसाचे आलेले पैसे खात्यातून गेले. फोनने इशारा दिला होता. पण इशारा म्हणजे कामातला अडथळा, तो पटकन दूर करायचा, हीच सवय आपल्या बोटांना लागली आहे.

म्हणून मी संगणक कक्षात मुलांना ही सवय लागू देत नाही. आज ‘ट्रस्टेड इक्वल्स येस’ लिहून गप्प केलेलं यंत्र उद्या काही बिघडवेल किंवा नाही, ते सांगता येणार नाही. पण ते पाहणारी चाळीस मुलं मात्र शिकतात, की इशारा आला की त्याला गप्प करायचं असतं. हे नुकसान कुठल्याही अपडेटने भरून निघत नाही.

करून पाहा

१) मजकुराच्या दोन फाइली करा. एकीत ‘शाळा’ आणि दुसरीत ‘शाला’ लिहा. ‘शा-२५६-सम’ ही आज्ञा दोन्हींवर चालवा. दोन्ही ठसे वहीत उतरवा. किती अक्षरं सारखी आली?

२) वर्गात चार गट करा. एक निर्माता, एक नक्कल ठेवणारा, एक वापरकर्ता आणि एक भामटा. भामट्याने स्वतःची ‘सही’ आणि स्वतःचा नंबर द्यायचा. वापरकर्त्याने तो कसा ओळखला, ते फळ्यावर लिहा.

३) घरातल्या एखाद्या डिजिटल सहीच्या कागदावर मोठ्या माणसांसोबत प्रश्नचिन्ह आहे का पाहा आणि सही कुणाची आहे ते शोधा.

४) चर्चा करा : ‘सही आहे’ आणि ‘सही ओळखीची आहे’ या दोन वाक्यांत काय फरक आहे?

शिक्षक मित्रांनो, चौथ्या प्रश्नाला पुरेसा वेळ द्या, मुलं फार छान उदाहरणं शोधून आणतात. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी पडद्यावर ‘नो पबकी’ दिसलं तर घाबरू नका, चिडूही नका. किल्ली मिळणं मुळीच कठीण नाही. ती कुणाच्या हातून घेतोय, एवढं मात्र पाहून घ्या.